दृश्यतेचा दाखला

फलकावरच्या एका पूर्णविरामासाठी तो सात महिने भांडला होता.

रस्ते विभागाच्या इमारतीत, जिन्याला लागून, जिथे एके काळी झाडू आणि बादल्या ठेवत असत तिथे फलक शाखा होती, आणि फलक शाखेत तो होता. शहराला रस्त्यावर जे काही शब्दांत सांगायचे असे, म्हणजे पुढे वळण आहे, पूल अरुंद आहे, इथे थांबू नये, ते सारे त्याच्या टेबलावरून जात असे. तरुणपणी त्याने कविता लिहिल्या होत्या आणि त्या कुणी वाचल्या नव्हत्या. आता तो जे लिही ते रोज हजारो माणसे वाचत, पण हे कुणी लिहिले असेल असा प्रश्न त्यांतल्या एकालाही पडत नसे. या दोन दुःखांपैकी थोरले कोणते, याचा निकाल त्याच्या मनात अजून लागायचा होता.

शाळेजवळ गाडी चालवताना फोन वापरू नये असा फलक लावावा, असे वरून आले, तेव्हा समितीने मजकूर तयार केला: ‘सदर परिसरात शैक्षणिक संस्था असल्याकारणाने वाहनचालकांनी भ्रमणध्वनीचा वापर कटाक्षाने टाळावा, ही नम्र विनंती.’ हा मजकूर वाचून होईपर्यंत गाडी शाळा ओलांडून पुढच्या पेट्रोलपंपाशी पोचते, हे त्याने घड्याळ लावून सिद्ध केले. मग स्वतःचा मजकूर पुढे ठेवला: ‘फोन ठेवा. पुढे मुले आहेत.’

“दोन वाक्यं कशाला?” साहेब म्हणाले. “मध्ये स्वल्पविराम टाक आणि मोकळा हो.”

“साहेब, स्वल्पविरामाला माणूस फोन ठेवत नाही. फार तर कान बदलतो. पूर्णविराम आला की हात थांबतो.”

“तुला पगार शब्दांचा मिळतो की ठिपक्यांचा?”

प्रकरण असे सात महिने लोंबकळले. अखेर साहेबांची अक्कलदाढ काढली त्या दिवशी त्याने फाईल पुढे सरकवली. साहेबांना बोलता येत नव्हते, सही करता येत होती. पेंटरने पूर्णविराम चांगला लिंबाएवढा काढला. एका सोमवारी सकाळी तो फलक वळणावर उभा राहिला, पिवळ्यावर काळा, दुरूनही ठसठशीत. आणि ज्या शाळेच्या वळणावर तो उभा राहिला, त्याच शाळेत, पाचवीच्या वर्गात, त्याची एकुलती एक लेक होती.

पण फलक उभा राहिला म्हणजे तो झाला, असे रस्ते विभागात नसते. त्याला दृश्यतेचा दाखला लागतो. लागोपाठ तीन दिवस, ज्या वेळेसाठी फलक लावला त्याच वेळी, चालत्या गाडीतून, चालकाच्या जागेवरून, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून फलकाचे छायाचित्र घ्यायचे, आणि त्यात मजकूर स्वच्छ वाचता यायला हवा. हा नियम झाला तेव्हा शाखेत एक चालक होता, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसणारा एक छायाचित्रकार होता, आणि मागे एक निरीक्षक. पुढे चालक निवृत्त झाला, छायाचित्रकाराची बदली झाली, नियम मात्र जागच्या जागी राहिला, आणि तिघांचे काम एकट्या निरीक्षकाच्या, म्हणजे त्याच्या, गळ्यात पडले. गेली सहा वर्षे तो एका हाताने जीप हाकी आणि दुसऱ्या हाताने फोन डोळ्यांसमोर धरून फोटो काढी. दाखल्यावर तिन्ही रकान्यांत तोच सही करी. फक्त चालकाची सही जरा तिरकी करी, म्हणजे तिघेही हजर होते असे कागदाला वाटावे.

सोमवार, मंगळवार, बुधवार, शाळा भरायच्या वेळी, हे काम त्याने मन लावून केले. ऊन नेमके अक्षरांवर पडत होते. बुधवारचा फोटो तर इतका देखणा आला की त्याने तो जीपमध्येच दोनदा मोठा करून पाहिला. पूर्णविराम एखाद्या काळ्याभोर डोळ्यासारखा त्याच्याकडे बघत होता.

त्याच संध्याकाळी, जेवताना, लेकीने विचारले, “बाबा, तुझ्या फलकाचा कुणी अपमान केला तर तू काय करशील?”

“माझ्या फलकाचा? कुणाची छाती आहे?”

“आहे एकाची.”

घरात तिला तिसऱ्या वर्षापासून फौजदार म्हणत, आणि या आठवड्यात शाळेनेही त्या पदावर शिक्कामोर्तब केले होते. फलकाच्या निमित्ताने शाळेने रस्ता पथक काढले होते: नारिंगी जाकिटे घातलेली पाच मुले, आणि त्यांच्यासोबत हातात लाल थाळीसारखा ‘थांबा’ घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मावशी. पथकाचे काम एकच. ज्या चालकाच्या हातात फोन दिसेल त्याच्या गाडीचा नंबर वहीत लिहायचा. शुक्रवारी साहेब येऊन फलकाचे रीतसर उद्घाटन करणार होते. त्या सभेत सगळे नंबर मोठ्याने वाचले जाणार होते. पथकाची प्रमुख फौजदार होती आणि वही तिच्या ताब्यात होती.

“पांढरी जीप,” ती म्हणाली. “तीन दिवस. रोज! बाकीचे लोक निदान चोरून तरी बोलतात, फोन मांडीवर ठेवतात. हा सरळ डोळ्यांसमोर धरतो. तेही तुझ्या फलकासमोर. हळूहळू येतो, डुलत डुलत, फोटो काढतो आणि जातो. मावशी त्याला नवरदेव म्हणतात.”

त्याचा हात ताटावर थांबला. “चेहरा कसा होता?”

“चेहरा कुठे दिसतो? चेहऱ्याच्या जागी फोन.”

“नंबर घेतलास ना?” आईने विचारले.

फौजदाराने वही न उघडता आकडे सांगितले. तिला ते पाठ झाले होते. ते त्यालाही पाठ होते. गेली सहा वर्षे इंधनाच्या चिठ्ठीवर तो तेच आकडे लिहीत आला होता. जीप रोज संध्याकाळी विभागाच्या आवारात राही आणि तो बसने घरी येई, त्यामुळे लेकीने ती कधी पाहिलीच नव्हती.

त्याला ठसका लागला.

“पाणी घे,” बायको म्हणाली. तिचे चष्म्याचे दुकान होते. समोरचा माणूस तक्त्यावरची अक्षरे वाचून सांगतो आहे की पाठ केलेली म्हणतो आहे, हे ती पंधरा वर्षे रोज ओळखत आली होती. लेक हात धुवायला गेली तशी ती म्हणाली, “तूच ना?”

“कामासाठी होतं ते.”

“तुला लांबचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही, हे मी लग्नाआधीच तपासलं होतं. तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं मी.”

“मी सांगतो तिला. फक्त नेमके शब्द सापडू देत.”

“तुझे पाच शब्द सापडायला सात महिने लागले. तिची सभा परवा आहे.”

नोटीस, दंड, साहेबांचा ओरडा, यांतल्या कशानेही त्याची झोप उडाली नसती. पण कवितांना न मिळालेला एक वाचक त्याला या घरात मिळाला होता. रस्त्याने जाताना ही मुलगी बसच्या खिडकीला नाक लावून फलक मोजत असे: हा बाबाचा, हा पण बाबाचा, हा नाही, हा कुणीतरी ढ माणसाने लिहिलाय. जगातला त्याचा एकमेव वाचक दहा वर्षांचा होता, आणि शुक्रवारी तो वाचक भर सभेत उभा राहून त्याला निर्लज्ज ठरवणार होता. न कळत ठरवणार होता, हे त्याहून वाईट. आज ना उद्या तिला कळणारच होते. प्रश्न एवढाच होता की तिला ते त्याच्याकडून कळणार होते की आणखी कुणाकडून.

गुरुवारी सकाळी तो साहेबांपुढे उभा राहिला आणि सगळे सांगून टाकले.

“अरे मग अडचण कुठे आहे?” साहेब म्हणाले. “तू नियमाप्रमाणे वागलास. ताठ मानेने चाल.”

“तसं दोन ओळींत लिहून द्याल का, साहेब? मुलीला दाखवीन.”

“लिहून?” साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला, मधल्या काळात ते उद्याच्या फितीचा, कात्रीचा आणि टाळ्यांचा विचार करत असावेत. “आमच्याच फलकासमोर आमचाच माणूस फोन घेऊन डुलत होता, असं मी विभागाच्या कागदावर लिहू? उद्या मी तिथे फीत कापणार आहे! तो नंबर वाचला जाता कामा नये. वही तुझ्याच घरात आहे ना?”

“आहे.”

“पान फाटतं. शाई सांडते. लहान मुलं आहेत, काहीही होऊ शकतं.”

दुपारी तो शाळेच्या फाटकाशी गेला. पायी गेला. मावशी सावलीत स्टूल टाकून लाल थाळी ओल्या फडक्याने पुसत होत्या.

“मावशी, पथकाच्या वहीत समजा एखाद्याचा नंबर गैरसमजाने लिहिला गेला, तर तो खोडता येतो का?”

मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. “या, नवरदेव,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही कसं ओळखलंत?”

“तेहेतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर तपासणीला होते मी. खरा चोर कधी काही विचारत नाही. चुकलेला माणूस मात्र ‘समजा एखाद्याचं’ म्हणून विचारतो.” त्यांनी थाळी उलटी केली आणि मागची बाजू पुसायला घेतली. “मंगळवारी तुमच्यावर शिटी वाजवली मी. गालफडं दुखेपर्यंत वाजवली.”

“मला ऐकू आली नाही.”

“येणार कशी? फोटो काढत होतात ना.”

“मावशी, माझी मुलगी…”

“ठाऊक आहे कुणाची आहे ती. नाक तुमचंच आहे.” मावशींचा आवाज किंचित उतरला. “वही तिच्याकडे आहे. तिच्याकडूनच खोडून घ्या, हिंमत असेल तर.”

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा लेक केस धूत होती. न्हाणीघरातून पाण्याचा आणि गाण्याचा आवाज येत होता, बायको अजून दुकानातून आली नव्हती, आणि टेबलावर, मावळतीच्या उन्हाच्या एका चौकोनात, वही पडली होती. घर इतके निमूट होते की जणू सगळ्या वस्तूंनी एकदम पाठ फिरवली होती आणि त्याला त्याच्या मनाजोगे करू द्यायचे ठरवले होते.

त्याने वही उघडली.

‘निळी मोटार. एक बाई. फोनवर बोलत होती आणि रडत होती. लिहू की नको? लिहिलं.’

‘दुधाची गाडी. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये. मावशी म्हणाल्या मान कायमची वाकडी होणार.’

मग त्याचे पान आले. वर नंबर, खाली तीन दिवसांच्या तीन खुणा, आणि त्याखाली बारीक अक्षरात:

‘तिसऱ्यांदा. या काकांना कदाचित वाचता येत नसेल. बाबा म्हणतो, फलक कळला नाही तर दोष वाचणाऱ्याचा नसतो, लिहिणाऱ्याचा असतो. पण हा फलक बाबाने लिहिलाय, म्हणजे तसं नसणार. काकांनाच विचारायला पाहिजे.’

त्याच्या लिखाणावर कुणीतरी लिहिलेली ही पहिली समीक्षा होती. ती अनुकूल होती, आणि तिच्या पायाखाली जमीनच नव्हती. पानाचा कोपरा त्याच्या दोन बोटांत होता. कागद पातळ होता, शिवण सैल होती, साहेब म्हणाले तसे पान अगदी सहज फाटले असते. त्याने कोपरा सोडला. पण चिमटीची सुरकुती तिथे राहिली, आणि ती तळव्याने सपाट करण्यात तो गुंतलेला असतानाच डोक्याला पंचा गुंडाळलेली फौजदार दारात उभी राहिली.

“बाबा, ती वही गोपनीय आहे.”

सकाळपासून त्याने एक वाक्य जुळवले होते. त्यात तीन उपवाक्ये होती, नियमाचा इतिहास होता, आणि खेद अगदी योग्य जागी येत होता. तोंडातून आले ते एवढेच:

“पांढरी जीप मी चालवतो.”

ती आली, खुर्ची ओढून समोर बसली, वही स्वतःकडे घेतली आणि पेनाचे टोपण काढले.

“तुम्ही?”

बोलायला लागल्यापासून ती त्याला अरेतुरे करत आली होती. त्या एका ‘तुम्ही’ने टेबल लांबच लांब झाले आणि तो त्याच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसला.

“तिन्ही दिवस?”

“तिन्ही दिवस.”

“फोन कशासाठी होता?”

“फलक नीट दिसतो का, ते फोटो काढून दाखवावं लागतं. विभागाचा नियमच आहे तसा.”

“दाखवा.”

त्याने बुधवारचा फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. मन नको म्हणत असतानाही क्षणभर त्याला अभिमान वाटलाच. फलक खरोखर सुंदर दिसत होता. लेकीने दोन बोटांनी फोटो मोठा केला, जसा त्याने जीपमध्ये केला होता, पण ती फलकाकडे गेली नाही. ती खाली, डाव्या कोपऱ्याकडे सरकली. तिथे फुटपाथच्या कडेला पाच नारिंगी ठिपके होते. ती आणखी जवळ गेली. चार ठिपक्यांनी माना वर केल्या होत्या. पाचव्याची मान खाली होती. तो काहीतरी लिहीत होता.

“ही मी,” ती म्हणाली.

मग मंगळवारचा. “ही मी.” सोमवारच्या फोटोत तिचा एक पाय फुटपाथच्या खाली, रस्त्यावर होता. नंबर नीट दिसावा म्हणून ती वाकली होती.

हे फोटो त्याने किती वेळा पाहिले होते? ऊन पाहिले होते, अक्षरांमधल्या फटी पाहिल्या होत्या, लिंबाएवढा ठिपका पाहिला होता. स्वतःची मुलगी त्याच्या चौकटीत तीन दिवस उभी होती, आणि एकदाही ती त्याला दिसली नव्हती.

“फलकावर काय लिहिलंय?” तिने विचारले. कुत्सितपणे नाही, शाळेने पथकाला दिलेल्या प्रश्नांच्या कागदावर तसा प्रश्नच होता.

“फोन ठेवा,” तो म्हणाला. “पुढे…”

पुढचे त्याला म्हणता येईना. आपल्या वाक्याला आपणच अडखळावे, अशी पाळी याआधी त्याच्यावर आली नव्हती.

पेनाचे टोपण लावून ती म्हणाली, “उद्या वाचू का मी?” आणि आता आवाज फौजदाराचा नव्हता. पंच्यातून पाणी तिच्या मानेवर ठिबकत होते. ती उत्तर मागत नव्हती. ओझे उचलायला दुसरा हात मागत होती.

“वाच,” तो म्हणाला. “मोठ्याने वाच.”

शुक्रवारी सभागृह खच्चून भरले होते. साहेब पहिल्या रांगेत होते, त्यांच्या शेजारी तो. “झालं ना काम?” साहेबांनी ओठ न हलवता विचारले.

“झालं,” तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते.

फौजदाराने स्टुलावर चढून वाचायला सुरुवात केली. नियम असा होता की त्या गाडीचा चालक सभेत हजर असेल तर त्याने उभे राहायचे. नऊ नंबर झाले, कुणी उठले नाही. दूधवाला येण्याचा प्रश्नच नव्हता. दहावा नंबर तिने वाचला, एकही आकडा न गिळता, आणि तो उभा राहिला.

“बस खाली,” साहेबांनी त्याचा सदरा मागून ओढला. “अरे बस! शपथ आहे तुला!”

“नवरदेव उभे राहिले!” दारातून मावशी म्हणाल्या, आणि सभागृहात हशा पिकला.

“कारण?” फौजदाराने कागदात बघून विचारले.

नियमाचे कलम त्याला तोंडपाठ होते. उपकलमही. सदऱ्याची खालची गुंडी साहेबांच्या हाताच्या ओढीने तुटायच्या बेतात होती. “मी फलक बघत होतो,” तो म्हणाला. “मुलं मला दिसली नाहीत.”

“पण त्याच्यावर लिहिलंय की, पुढे मुलं आहेत!” पहिलीतली एक मुलगी ओरडली.

“हो,” तो म्हणाला. “मीच लिहिलंय ते.”

आता मात्र छत उडायचे बाकी राहिले. मुख्याध्यापिकाबाई रुमालात तोंड घालून हसत होत्या. पेंटर मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक. एकटी फौजदार हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिले, त्याखाली रेघ मारली, आणि म्हणाली, “बसा.”

फीत कापली गेली. साहेबांचे भाषण दोन मिनिटांत आटोपले. जाता जाता ते त्याच्या कानाशी म्हणाले, “ऑफिसात ये. आत्ताच्या आत्ता. गाडीत बस माझ्या.”

“मी चालत येतो, साहेब.”

कार्यक्रम असल्यामुळे शाळा लवकर सुटली. पथक आपल्या जागेवर गेले, आणि रस्ता ओलांडायला निघालेल्या त्याला मावशींनी थाळी आडवी धरून मुलांच्या रांगेत उभे केले. “वशिला नाही,” त्या म्हणाल्या. त्याच्या पुढे बुटके दप्तर, मागे उंच दप्तर. फौजदार चार पावलांवर होती. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरू लागला. त्याने बाहेर काढला नाही. त्याच वेळी शाळेच्या आवारातून काळी मोटार बाहेर पडली, संतापलेल्या माणसाने चालवावी तशी झटक्यात वळली, आणि फलकाखालून पुढे आली. काचेमागे एक लालबुंद चेहरा होता, कानाला फोन होता, आणि पलीकडून कुणी उचलत नसल्यामुळे तो चेहरा अधिकच लाल होत चालला होता. मावशींची शिटी वाजली. मुले मागे सरली. मोटार निघून गेली.

“श्शी!” फौजदाराने पाय आपटला. उंच दप्तरवाला नेमका मध्ये आला होता. “मला पहिले दोनच आकडे मिळाले. बाबा, तुला दिसला?”

त्याला दिसला होता. फुटपाथ दिसला होता, मुलांचे मागे सरलेले पाय दिसले होते, गाडी दिसली होती.

“अगं, ते तर आमचे…”

“नाव नको,” ती पेन सरसावून म्हणाली. “नंबर सांग.”

खिशात फोन अजून थरथरत होता. त्याने एकेक आकडा सुटा करून सांगितला, आणि ती लिहीत गेली.